दूरचा दुकानदार

सोलापूरच्या नवी पेठेत आपण खरेदीला जातो. घरात लग्न निघालेले असते. दिवाळी तोंडावर आलेली असते. किंवा मुलाला मोबाईल घ्यायचा असतो. एका दुकानात आपण भाव विचारतो आणि "बघून येतो" म्हणून बाहेर पडतो. दुसऱ्या दुकानात शिरतो. चादर असली तर उलगडून उजेडात धरतो. हातावर तोलून पाहतो. कापड असले तर चिमटीत धरून चोळतो. मोबाईल असला तर दुकानदाराला तो सुरू करून दाखवायला लावतो. मग घासाघीस होते. भाव पटला की पैसे देतो, पावती घेतो, पिशवी काखेला मारतो आणि एस.टी. धरतो.

हे सगळे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही शहाणपण आहे असे वाटतही नाही. पण पाहा. पैसा एका हाताने दिला आणि वस्तू दुसऱ्या हाताने घेतली. वस्तू बिघडली तर दुकान कुठे आहे ते ठाऊक आहे. आज ज्याच्याशी भांडलो, तो उद्याही त्याच गादीवर बसलेला असतो. दुकानदारालाही ही गोष्ट ठाऊक असते. म्हणून तो सहसा फार वाकडे वागत नाही.

आता मोबाईलमध्ये दुकाने आली. या दुकानांना ओटा नाही आणि गादीही नाही. दुकानदार दिल्लीचा असेल, सुरतेचा असेल, नाहीतर कुठलाच नसेल. मोबाईलवरून काही घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. बी-बियाणे, फवारणीचा पंप, पुस्तके, कपडे लोक मागवतात आणि ते नीट घरपोच येतात. नामांकित कंपन्या माल हातात मिळाल्यावर पैसे घेण्याची सोयही बहुधा देतात. आमचे म्हणणे मोठ्या रकमेपुरते आहे. मोटारसायकल, ट्रॅक्टर, म्हैस, सौरपंप, महागडा मोबाईल अशी वस्तू आपण ज्याला कधी पाहिले नाही त्याच्याकडून घेत असलो, तर पैसा आधी सोडू नये.

ही अडचण नवी नाही. आपल्या आजोबांच्या वेळीही लोक दूरचा माल मागवत. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, घड्याळाची किंवा शिवणयंत्राची. त्या काळी टपाल खात्याने व्ही.पी.ची सोय काढली. आपल्या देशात ती १८७७ सालापासून सुरू झाली. पोस्टमन पुडके घेऊन दारात यायचा. पैसे त्याच्या हाती द्यायचे, पुडके घ्यायचे. पैसे मग टपाल खाते दुकानदाराला पोचवायचे. खरेदी करणारा आणि विकणारा यांच्यामध्ये एक विश्वासाचा माणूस उभा राहिला. तरीही कधी कधी पुडक्यात घड्याळाऐवजी भलतेच निघे. पण निदान पुडके तरी दारात येई! आजचा ठग पुडकेही पाठवत नाही.

तो काय करतो, ते एका गोष्टीतून सांगतो. गोष्ट आम्ही रचलेली आहे. तिच्यातली एकेक पायरी मात्र पोलिसांकडे आलेल्या तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसते.

समजा, मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी आहेत. आपण त्यांना आप्पा म्हणू. ऊसबिल आलेले आहे. मुलगी सोलापूरला कॉलेजात जाते. घरी एक जुनी मोटारसायकल घ्यावी असे ठरते. सोलापुरात जुन्या गाड्या विकणारा तशा गाडीचे ४५,००० रुपये सांगतो. रात्री पुतण्या मोबाईल घेऊन येतो.

"काका, ही बघा. तीच गाडी. फक्त २२,०००. पुण्याची आहे."

आप्पा फोन लावतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. "अंकल, मी फौजेत आहे. माझी बदली जम्मूला झाली. गाडी नेता येत नाही, म्हणून स्वस्तात देतो."

"बरं. मग मी उद्या पुण्याला येऊन गाडी बघतो."

"कॅम्पात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, अंकल. गाडी आमच्या ट्रकने तुमच्या दारात येईल. पसंत पडली तर पैसे द्या, नाहीतर परत पाठवा."

मग वर्दीतला फोटो येतो. ओळखपत्राचा फोटो येतो. गाडीचे कागद येतात. आप्पांना वाटते, फौजेतला माणूस कशाला फसवील? पहिल्यांदा फक्त २,१०० रुपये मागितले जातात, फाटकाच्या परवान्याचे. ते दिले. दुसऱ्या दिवशी फोन येतो. गाडी निघाली आहे, पण कराचे ५,१५० भरायचे राहिले. गाडी मिळाल्यावर हे पैसे परत मिळतील. तेही दिले. मग विम्याचे ८,५०० झाले. मग ड्रायव्हरच म्हणून कुणीतरी बोलतो. "मी टेंभुर्णीच्या टोलनाक्यावर उभा आहे. कागद अडले. ६,२५० भरा, नाहीतर गाडी परत जाईल."

आप्पा बेरीज करतात. २२,००० पुरे झाले. गाडी काही आली नाही. फोन बंद.

आता कुणी म्हणेल, आप्पा एवढे भोळे कसे? आम्हाला हे म्हणणे पटत नाही. आप्पांनी एकदम २२,००० दिलेच नसते. त्यांनी २,१०० दिले. मग ते २,१०० वाचवायला ५,१५० दिले. विहिरीत एक बादली पडली, ती काढायला दुसरी सोडली, तीही पडली, तसा हा प्रकार झाला. ठगाचे सगळे कसब इथेच आहे. पहिली रक्कम तो लहान मागतो. ती एकदा गेली की आपणच तिच्या मागे धावतो. म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागितले की तिथेच थांबावे. गेलेले २,१०० गेले असे धरावे आणि फोन बंद करून लगेच तक्रार करावी. तक्रार कुठे करायची ते पुढे येईल.

ओळखपत्राचे काय? ते बहुधा खऱ्याच माणसाचे असते. कुणा दुसऱ्याने व्यवहारासाठी आपल्या कार्डाचा फोटो पाठवला, तो या ठगाने जपून ठेवला. आप्पांनी आपल्या आधार कार्डाचा फोटो पाठवला असेल, तर पुढच्या गिऱ्हाईकाला तोही दाखवला जाईल. फोटो कुणाचाही असू शकतो. आपले कार्डही असे कुणाला पाठवू नये.

हे धंदे करणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले आणि पुष्कळ जणांना ताब्यात घेतले. जुन्या वस्तू स्वस्तात विकण्याच्या खोट्या जाहिराती हाही त्यांचा एक उद्योग होता. अमुक भागातले सगळे लोक असे, असे यावरून समजू नये. तिथेही बहुतेक लोक शेतीच करतात. आणि ठग महाराष्ट्रातही आहेत.

हे ठग पैसा स्वतःच्या खात्यात घेत नाहीत. कुणा गरिबाचे खाते हजार-दोन हजारांना भाड्याने घेतात. आपला पैसा त्या खात्यात पडतो, तिथून लगेच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात जातो, आणि काही वेळात रोख काढला जातो. पोलीस पहिल्या खात्यापर्यंत पोचतात, तेव्हा तिथे तो गरीब सापडतो. आपल्या गावातही कुणी "तुझे पासबुक आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पैसे देतो" म्हणत आला, तर त्याला दारात उभे करू नये. गुन्ह्यात नाव खातेदाराचे लागते.

स्वस्ताईविषयी थोडे बोलू. २०१६ साली नोएडाच्या एका कंपनीने जाहीर केले की, आम्ही २५१ रुपयांत स्मार्टफोन देतो. साऱ्या देशात बोलबाला झाला. नोंदणीसाठी इतकी झुंबड उडाली की कंपनीचे संकेतस्थळच बंद पडले. शिकलेले, शहरातले लोक त्यात होते. नवी पेठेत एखाद्या दुकानदाराला विचारले असते, "काहो, २५१ रुपयांत फोन येतो का?" तर त्याने हसून सांगितले असते की एवढ्यात फोनची बॅटरी आणि चार्जरही धड येत नाही. पुढे बहुतेकांना फोन मिळाला नाही. २०१७ साली त्या कंपनीच्या चालकाला पैशाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. तेव्हा मोबाईलवर भाव दिसला की आधी पेठेत जाऊन तोच भाव विचारावा. विचारायला पैसे पडत नाहीत. शे-पाचशेचा फरक समजू शकतो. निम्म्या भावात कुणी का देतो, याचे उत्तर मिळत नसेल तर तो व्यवहार सोडावा.

आता गाडी घ्यायचीच असेल तर कशी घ्यावी? गाडीच्या नंबरावरून सुरुवात करावी. एमएच १३ म्हणजे सोलापूर, एमएच १२ म्हणजे पुणे. सरकारचे एमपरिवहन नावाचे ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर घातला की गाडी कोणत्या बनावटीची, नोंदणी कधीची, विमा चालू आहे की नाही, हे दिसते. मालकाच्या नावाची काही अक्षरे दिसतात. विकणारा सांगतो ते नाव त्या अक्षरांशी जुळते का, ते पाहावे. गाडीवर कर्जाचा बोजा असला तर नोंदणीच्या कागदावर तशी नोंद असते. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र नसेल तर हात लावू नये. मग स्वतः जाऊन गाडी पाहावी. सोबत गाडीतले कळणारा माणूस न्यावा. मालकाच्या घरी जावे, चहा प्यावा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावे. विक्रीच्या कागदांवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, मालकाची सही समोर घ्यावी. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखलाही लागतो. हे झाल्यावर पैसे द्यावेत. खात्यात भरायचे असतील तर मालकाच्याच नावाच्या खात्यात भरावेत, भावाच्या किंवा साहेबांच्या नाही.

"पुण्याला जायचे म्हणजे हजार रुपये खर्च आणि एक दिवस मोडतो," असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण हा हजार रुपये २२,००० चा विमा आहे, असे धरावे.

जनावरांचेही तसेच. सांगोल्याच्या बाजारात म्हैस घेताना आपण दात पाहतो, कास पाहतो, चालवून पाहतो, जमले तर धार काढून दूध पाहतो. मोबाईलवरच्या म्हशीचे यातले काय पाहता येते? चित्रफितीत वीस लिटर दुधाच्या बादल्या दिसतात. ती म्हैस कुणाची आहे, चित्रफीत कधीची आहे, कळत नाही. जनावराच्या कानात बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी क्रमांक असतो. तो विचारून घ्यावा आणि गोठ्यात जाऊन प्रत्यक्ष जनावराच्या कानाशी पडताळावा. इसार द्यायचा तोही गोठ्यात उभे राहून, दोन साक्षीदारांपुढे. फोनवरचा इसार म्हणजे पाण्यात टाकलेला खडा.

सौरपंपाच्या बाबतीत ठगांनी सरकारचेच नाव उचलले. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली. पाठोपाठ तिच्या नावाची खोटी संकेतस्थळे निघाली आणि नोंदणीचे शुल्क मागू लागली. केंद्राच्या खात्याला लोकांना वारंवार सावध करावे लागले. महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ साली आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. हे पैसे महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरायचे. कुणाच्या खाजगी नंबरावर पाठवायचे नसतात. शंका आली तर महावितरणच्या जवळच्या कार्यालयात जाऊन, अर्जाचा क्रमांक दाखवून विचारावे.

आणखी एक डाव आहे. त्यात पैसे परत देण्याचे सोंग असते. ठग म्हणतो, "माफ करा, गाडी विकली गेली. तुमचे पैसे परत पाठवतो. हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका." आपण पिन टाकतो, आणि खात्यात पैसे येण्याऐवजी जातात.

हे कसे होते ते नीट समजून घेऊ. देवळातल्या दानपेटीत पैसे टाकायला किल्ली लागत नाही. पैसे बाहेर काढायला किल्ली लागते. यूपीआयचा पिन ही आपल्या पेटीची किल्ली आहे. पैसे येणार असतील तर पिन लागतच नाही. चौकोन स्कॅन करणे हेही पैसे देण्यासाठीच असते. पूर्वी एक माणूस दुसऱ्याला फोनवरून "पैसे द्या" अशी मागणी पाठवू शकत असे. ठगांनी त्याचा फार गैरवापर केला, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसांतली ती सोय बंद झाली. व्यापाऱ्याच्या खात्यावरून मागणी अजून येऊ शकते. तेव्हा पिन टाकण्याआधी पडद्यावर काय लिहिले आहे ते अक्षर लावून वाचावे. तुम्हाला आता वाचता येते. कुणी "लवकर करा, लवकर करा" म्हणून घाई करू लागला, तर मुद्दाम सावकाश वाचावे.

इतके करूनही पैसा गेला तर?

पहिली गोष्ट, घरात सांगावे. पुष्कळ लोक लाजेने सांगत नाहीत. बायको रागावेल, भाऊ हसतील, गावात नाव होईल, म्हणून दोन-चार दिवस गप्प बसतात. बचत गटातून कर्ज काढून पैसे भरलेली बाई तर कुणाला तोंड दाखवत नाही. त्या दोन-चार दिवसांत पैसा खात्याखात्यांतून निघून जातो. इथे तासाला किंमत आहे.

फोन उचलावा आणि १९३० हा नंबर फिरवावा. एक नऊ तीन शून्य. हा सरकारी नंबर आहे, साऱ्या देशाला एकच. तिथे विचारतात : कोणत्या बँकेतून पैसे गेले, किती वाजता, किती रुपये, आणि व्यवहाराचा क्रमांक काय. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी क्रमांक असतो. तो बँकेच्या संदेशात किंवा ॲपमध्ये दिसतो. तो कागदावर लिहून मग फोन लावावा. तिथून बँकांना निरोप जातो, आणि पैसा वाटेत कुठे सापडला तर तो तिथेच अडवून ठेवतात. सगळा पैसा मिळेलच असे नाही. उशीर झाला तर मिळण्याची आशा फार कमी. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. ठगाचे संदेश रागाने पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो.

मग पोलीस ठाणे. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, गावांना ग्रामीण पोलीस आहेत. "ठग हरियाणाचा, आम्ही काय करणार" असे कुणी म्हटले तर परत फिरू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. गुन्हा कुठेही घडला असो, खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. नोंदीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी.

एवढ्यात आणखी एक ठग येण्याची शक्यता असते. "मी सायबर खात्यातून बोलतो. तुमचे पैसे सापडले. सोडवायला ३,००० भरा." पोलीस पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाहीत.

विकणारा ठग नसून खरी कंपनीच असेल, पण माल खराब दिला, किंवा पैसे घेऊन माल देत नाही, तर रस्ता वेगळा आहे. ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक चांगली गोष्ट केली. कंपनी दिल्लीची असली तरी सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला सोलापुरातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून पावती जपून ठेवावी.

आता वर्गात सर्वांनी मिळून हे करा. खाली एक संदेश दिला आहे. एकाने तो मोठ्याने वाचावा.

"नमस्कार. तुमचा सौरपंप मंजूर झाला आहे. आज संध्याकाळी ५ पर्यंत ५,६०० रुपये भरा, नाहीतर अर्ज रद्द होईल. सोबतचा चौकोन स्कॅन करून पिन टाका. पंप बसल्यावर हे पैसे परत मिळतील. ऑफिसला येण्याची गरज नाही."

१. या संदेशात संशय यावा अशी किती वाक्ये आहेत? ती वहीत लिहा.

२. "ऑफिसला येण्याची गरज नाही" असे त्याने का लिहिले असेल?

३. हा संदेश तुमच्या शेजारच्या म्हातारबाबांना आला आणि ते पैसे भरून बसले. आता पहिल्या तासात तुम्ही त्यांच्यासाठी काय काय कराल, ते क्रमाने सांगा.